एन्ट्रॉपी जनरेशन उणे येतंय, किंवा टर्बाइनची कार्यक्षमता फारच चांगली दिसतेय: चूक कुठे शोधायची

ऊर्जेचा ताळेबंद शेवटच्या दशांशापर्यंत जुळतो आणि एन्ट्रॉपी जनरेशन, म्हणजे सिस्टिमच्या आत तयार झालेली एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली याचं माप), मात्र उणे येतं. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पेपरात हे घडतं, प्रोजेक्ट रिपोर्टात घडतं आणि कारखान्याच्या एनर्जी ऑडिटच्या एक्सेल शीटमध्येही घडतं. मग चिन्ह बदलून उत्तर अधिक करून टाकायचं किंवा तो कॉलमच लपवायचा, असं सर्रास चालतं. तसं करू नका. उणे आलेला आकडा हा तुमच्या हाती लागलेला सगळ्यात कामाचा पुरावा असतो. चूक नेमकी कोणत्या जातीची आहे ते तोच सांगतो.

दुसरी तक्रार उलटी आहे आणि जास्त धोक्याची आहे. उत्तर अधिक आलं, म्हणून तपासणी तिथेच थांबते. उष्मागतिकीचा दुसरा नियम एन्ट्रॉपी जनरेशन शून्याहून कमी नसावं एवढंच सांगतो. अधिक आलेला प्रत्येक आकडा बरोबर असतो, असं तो कुठेही म्हणत नाही. खाली दोन्ही प्रकार धरले आहेत. किजू म्हणजे किलोजूल, के म्हणजे केल्विन, आणि लॉग म्हणजे सगळीकडे नैसर्गिक लॉग.

आधी ताळेबंद शब्दांत लिहा

बंद सिस्टिमसाठी: एन्ट्रॉपीतला बदल = उष्णतेबरोबर आत आलेली एन्ट्रॉपी + आत तयार झालेली एन्ट्रॉपी. स्थिर प्रवाहाच्या यंत्रासाठी: तयार झालेली = बाहेर गेलेली − आत आलेली, आणि यात वाहत्या द्रव्याबरोबरची व उष्णतेबरोबरची, दोन्ही धरायच्या. कामाबरोबर एन्ट्रॉपी येत-जात नाही. शाफ्टमधून पाच मेगावॅट बाहेर पडले तरी या ताळेबंदात त्यांची नोंद शून्य.

बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण "वस्तूत इतकी उष्णता आहे" असं आपण बोलून जातो. वस्तूत असते ती आंतरिक ऊर्जा. उष्णता ही फक्त सीमा ओलांडताना असते, आणि ओलांडण्याचं कारण तापमानातला फरक असेल तरच तिला उष्णता म्हणायचं. बंदिस्त, उष्णतारोधक टाकीत पाणी ढवळलं की तापमान चढतं. पण तिथे उष्णता शून्य आहे, जे काही आत गेलं ते काम आहे. अशा ठिकाणी "वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानवाढ" याला उष्णता समजून तापमानाने भागलं, की तयार झालेली एन्ट्रॉपी बाहेरून आलेली म्हणून नोंदली जाते आणि जनरेशन शून्य दिसतं. प्रत्यक्षात ती सगळीच्या सगळी आत तयार झालेली असते.

थ्रॉटल व्हॉल्व्हचं उदाहरण यासाठी कायम डोक्यात ठेवावं. १० बार अ‍ॅब्सोल्यूट (निर्वातापासून मोजलेल्या) दाबाची कोरडी संपृक्त वाफ, म्हणजे पाण्याचा थेंब नसलेली पण उकळबिंदूवरचीच वाफ (१७९.९ अंश; एन्थाल्पी, म्हणजे आंतरिक ऊर्जा + दाब × आकारमान, २७७७ किजू/किग्रॅ; एन्ट्रॉपी ६.५८६ किजू/किग्रॅ·के) व्हॉल्व्हमधून १ बारवर आली की एन्थाल्पी तेवढीच राहते आणि तापमान साधारण १५० अंशांवर उतरतं. तापमान उतरलं म्हणून एन्ट्रॉपी उतरली, असं समजणारे खूप जण आहेत. स्टीम टेबलमध्ये बघा: १ बार, १५० अंशांना एन्ट्रॉपी ७.६१ आहे. उष्णता नाही, काम नाही, तापमान कमी झालं, तरी प्रत्येक किलोमागे एन्ट्रॉपी १.०३ किजू/के वाढली. वाफेची ऊर्जा आहे तेवढीच राहिली. त्या ऊर्जेतून काम काढून घेण्याची शक्यता मात्र घटली.

पहिली तपासणी: केल्विन, लॉगचं बटण आणि कंसाची चाचणी

१० किलो लोखंड ५०० अंश सेल्सिअसला, ५० किलो पाणी ३० अंशांना, भांडं उष्णतारोधक. लोखंडाचा विशिष्ट उष्मा ०.४५ आणि पाण्याचा ४.१८ किजू/किग्रॅ·के धरला, तर शेवटचं तापमान ३९.९ अंश, म्हणजे ३१३.०६ केल्विन येतं. लोखंडाकडून पाण्याकडे २०७० किजू गेले.

लोखंड: ४.५ × लॉग(३१३.०६ ÷ ७७३.१५) = −४.०७ किजू/के. पाणी: २०९ × लॉग(३१३.०६ ÷ ३०३.१५) = +६.७२ किजू/के. बेरीज +२.६५.

निव्वळ लोखंडाचा आकडा बघून "एन्ट्रॉपी कमी झाली, नियम मोडला" असं लिहिणारी उत्तरं दर परीक्षेत सापडतात. लोखंडाची एन्ट्रॉपी कमी व्हायलाच हवी, कारण त्यातून उष्णता बाहेर गेली आहे. उणे चालत नाही ते जनरेशन. एखाद्या वस्तूच्या एन्ट्रॉपीतला बदल उणे येण्यात काहीच वावगं नाही.

आता हेच गणित सेल्सिअसमध्ये करून पाहा. लोखंड −११.४, पाणी +५९.६, बेरीज +४८.३. उत्तर अधिक आहे, पण अठरा पटीने चुकीचं. लॉग १० चं बटण दाबलं असेल तर पाण्याचा आकडा २.९२ आणि बेरीज १.१५ येते. हेसुद्धा अधिकच. म्हणजे चिन्ह बघून यातली एकही चूक सापडत नाही.

सापडते ती कंसाच्या चाचणीने. एका बाजूने गेलेली उष्णता त्या वस्तूच्या सर्वांत जास्त तापमानाने भागा, मग सर्वांत कमी तापमानाने भागा. खरा आकडा या दोहोंच्या मध्येच पडला पाहिजे. पाण्यासाठी २०७० ÷ ३१३.०६ = ६.६१ आणि २०७० ÷ ३०३.१५ = ६.८३. आपला ६.७२ मधोमध बसतो. ५९.६ आणि २.९२ दोन्ही बाहेर फेकले जातात. लोखंडासाठी हाच कंस २.६८ ते ६.६१, आणि ४.०७ त्यात आहे. ही चाचणी कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होते. तापमान किंवा लॉगच्या चुकांसाठी हिच्याइतकी भरवशाची दुसरी तपासणी नाही.

चिन्ह आणि सीमेचं तापमान

१०० अंशांची १ किलो कोरडी वाफ त्याच तापमानाला पाणी झाली आणि २२५७ किजू ३० अंशांच्या खोलीत गेले. वाफेची एन्ट्रॉपी ६.०४८ ने घटली. खोलीला मिळाली २२५७ ÷ ३०३.१५ = ७.४४५. तयार झाली १.३९७ किजू/के.

इथे उत्तर −१३.४९ आलं असेल तर सूत्रात उष्णतेचं उणे चिन्ह घातलेलं नाही, म्हणून दोन्ही पदांची बेरीज झाली आहे. ओळखायची खूण अशी: चुकीचं उत्तर हे दोन पदांच्या बेरजेएवढं असेल, तर चूक चिन्हाची आहे, दुसरीकडे शोधू नका.

उत्तर शून्य आलं असेल तर सीमा वाफेला अगदी चिकटून घेतली आहे आणि भागताना ३७३.१५ वापरले आहेत. ही चूक म्हणता येणार नाही. वाफेच्या आत खरोखरच काही तयार झालेलं नाही. एन्ट्रॉपी तयार झाली ती १०० अंश आणि ३० अंश यांच्या मधल्या भिंतीत आणि हवेच्या थरात. तो भाग तुमच्या सीमेच्या आत आहे की बाहेर, एवढाच प्रश्न. प्रश्नात "एकूण" विचारलं असेल तर सीमा खोलीपर्यंत न्या आणि खोलीचं तापमान वापरा. उष्णता कोणत्या तापमानाने भागायची, याचं उत्तर नेहमी एकच असतं: जिथे ती तुमची सीमा ओलांडते तिथल्या तापमानाने. गॅस भट्टीत १२०० अंशांचा असला तरी सीमा भट्टीच्या बाहेरच्या पत्र्यावर आखली असेल, तर पत्र्याचं तापमान.

स्क्रू कॉम्प्रेसर: उणे आकडा खरा असतो तेव्हा

कॉम्प्रेस्ड एअरच्या ऑडिटमध्ये ही शंका हमखास निघते. हवा ३० अंशांना, १ बारवर आत येते आणि ८ बार अ‍ॅब्सोल्यूटवर बाहेर पडते. डिस्चार्जला तापमान ८५ अंश. हवेच्या एन्ट्रॉपीतला बदल १.००५ × लॉग(३५८.१५ ÷ ३०३.१५) − ०.२८७ × लॉग(८) = ०.१६८ − ०.५९७ = −०.४२९ किजू/किग्रॅ·के. उष्णता न सोडता, कुठलाही तोटा न होता हवा दाबली असती तरी डिस्चार्ज २७६ अंशांवर गेला असता. म्हणजे ८५ अंश "अशक्य" दिसतात, आणि आयसेन्ट्रॉपिक कार्यक्षमतेच्या सूत्रात (आदर्श काम ÷ प्रत्यक्ष काम) घातले तर ४४७ टक्के येतात.

इथे मोजमाप बरोबर आहे, सीमा अर्धवट आहे. ऑइल-फ्लडेड स्क्रूमध्ये दाबाच्या कक्षेतच तेल सोडलेलं असतं आणि बहुतेक उष्णता तेच घेऊन जातं. शाफ्टवर प्रत्येक किलो हवेमागे ३२० किजू लागतात असं धरू. त्यातले ५५ हवेची एन्थाल्पी वाढवण्यात गेले, उरलेले २६५ तेलात. तेल ६० अंशांना आत येऊन ८५ ला बाहेर पडत असेल तर त्याचं सरासरी तापमान ३४५ केल्विनच्या आसपास. तेलाची एन्ट्रॉपी वाढली २६५ ÷ ३४५ = ०.७७. हवेचे −०.४३ मिळवले की जनरेशन +०.३४. हिशेब जुळला.

म्हणून अशा यंत्राला उष्णतारोधक यंत्राचं सूत्र लावूच नका. तुलना करायचीच तर आयसोथर्मल (तापमान स्थिर ठेवून केलेल्या) कामाशी करा: ०.२८७ × ३०३.१५ × लॉग(८) = १८१ किजू/किग्रॅ. ३२० ला भागून ५७ टक्के. हा आकडा यंत्राबद्दल खरं बोलतो. इंटरकूलर असलेल्या दोन टप्प्यांच्या पिस्टन कॉम्प्रेसरलाही हेच लागू.

वाफेचं टर्बाइन: तीन उपकरणं, एक खोटं उत्तर

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त पैशांचे निर्णय याच आकड्यावर होतात. साखर कारखान्यांच्या को-जनरेशनमध्ये, कापड गिरण्यांत, केमिकल प्लांटमध्ये हेच गणित चालतं.

कंडेन्सिंग टर्बाइन. आत येणारी वाफ ४० बार अ‍ॅब्सोल्यूट, ४०० अंश: एन्थाल्पी ३२१३.६, एन्ट्रॉपी ६.७६९. कंडेन्सरमध्ये ०.१ बार अ‍ॅब्सोल्यूट. प्रवाह ताशी २० टन, म्हणजे सेकंदाला ५.५५६ किलो. जनरेटरवर ४४०० किलोवॅट. गिअर आणि जनरेटर मिळून ९५ टक्के धरू, म्हणजे शाफ्टवर ४६३२ किलोवॅट.

पहिली नेहमीची चूक एक्झॉस्टची. थर्मामीटर ४५.८ अंश दाखवतो, दाब ०.१ बार आहे, मग टेबलमधून थेट कोरड्या संपृक्त वाफेची एन्थाल्पी २५८४ उचलली जाते. त्याने कार्यक्षमता ५९ टक्के येते आणि चांगल्या टर्बाइनवर ओव्हरहॉलचा शेरा बसतो. ओल्या वाफेत दाब आणि तापमान हे एकाच माहितीचे दोन आकडे आहेत. दोन्ही मोजून अवस्था ठरत नाही, शुष्कता (मिश्रणातला वाफेचा वजनी वाटा) लागते, आणि ती इथे थर्मामीटरने कळत नाही. ती उलट बाजूने, पॉवरवरून काढायची.

४६३२ ÷ ५.५५६ = ८३३.७ किजू/किग्रॅ काम. एक्झॉस्टची एन्थाल्पी ३२१३.६ − ८३३.७ = २३७९.९. ०.१ बारला द्रवाची एन्थाल्पी १९१.८ आणि बाष्पीभवनाची २३९२.१, म्हणून शुष्कता ०.९१५. एन्ट्रॉपी ०.६४९ + ०.९१४७ × ७.४९९६ = ७.५०९. जनरेशन ०.७४० किजू/किग्रॅ·के.

आदर्श टर्बाइनची शुष्कता (६.७६९ − ०.६४९) ÷ ७.४९९६ = ०.८१६, एन्थाल्पी २१४३.८, काम १०६९.८. कार्यक्षमता ८३३.७ ÷ १०६९.८ = ७८ टक्के.

आता पडताळा, आणि हा प्रत्येक ओल्या एक्झॉस्टच्या गणिताला लावा. एक्झॉस्टचं केल्विनमधलं तापमान गुणिले जनरेशन: ३१८.९६ × ०.७४० = २३६.० किजू. आदर्श आणि प्रत्यक्ष कामातला फरक: १०६९.८ − ८३३.७ = २३६.१. हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत, कारण ओल्या भागात स्थिर दाबाला एन्थाल्पीतला फरक म्हणजे तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला फरक. जुळले नाहीत तर टेबलची ओळ चुकली आहे. वातावरणाचं तापमान ३० अंश धरून वाया गेलेली काम करण्याची क्षमता मोजली, तर ३०३.१५ × ४.११ (म्हणजे ५.५५६ × ०.७४०) = १२४६ किलोवॅट येतात. आदर्श कामाच्या तुलनेत मात्र तूट १३१२ किलोवॅट आहे. मधले ६६ किलोवॅट कुठे गेले असं विचारलं जातं. एक्झॉस्ट वातावरणापेक्षा १५.८ अंशांनी गरम आहे, म्हणून घर्षणाने तिथे वाढलेल्या ऊर्जेतून तेवढं काम तत्त्वतः अजून काढता आलं असतं. गणितात चूक नाही.

आता हेच टर्बाइन, पण उपकरणं नीट वाचली नाहीत असं समजा.

व्हॅक्यूम गेज पाऱ्याचे मिलिमीटर दाखवतो, आणि ते वातावरणापेक्षा किती कमी एवढंच सांगतो. पुण्याच्या उंचीवर वातावरणाचा दाब सुमारे ०.९५ बार, म्हणजे ७१२ मिमी. गेजवर ६३७ दिसले तर खरा दाब ७५ मिमी, म्हणजे ०.१ बार. पण शीटमध्ये समुद्रसपाटीचे ७६० टाकलेले असतील तर उत्तर १२३ मिमी, म्हणजे ०.१६४ बार. आदर्श काम १०६९.८ वरून १००८ वर येतं आणि कार्यक्षमता ७८ ची ८३ होते. याला उतारा लगेच हाताशी आहे. एक्झॉस्ट हूडचा थर्मामीटर बघा. ०.१ बारला ४५.८ अंश, ०.१६४ बारला ५६ अंश. ओल्या वाफेत थर्मामीटर शुष्कता सांगत नसला तरी दाब चोख सांगतो. दहा अंशांचा फरक नजरेतून सुटत नाही.

दुसरं, फ्लोमीटर. ओरिफिस प्लेटवरचा वस्तुमान-प्रवाह हा दाबातला फरक गुणिले घनता, याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. मीटर ३० बार, ४०० अंशांसाठी लावलेला आहे (विशिष्ट आकारमान ०.०९९४ घनमीटर/किग्रॅ), वाफ आता ४० बारची आहे (०.०७३४), आणि घनतेची दुरुस्ती बंद आहे. मीटर खऱ्याच्या ०.८६ पट दाखवेल: २० टनांऐवजी १७.२. प्रत्येक किलोमागे काम ९६९ किजू दिसेल आणि कार्यक्षमता ९१ टक्के. वर व्हॅक्यूमची चूकही असेल तर ९६ टक्के.

या शेवटच्या प्रकरणातही जनरेशन +०.१२ येतं. दुसरा नियम मोडलेला दिसत नाही आणि अहवालात "उत्कृष्ट" लिहिलं जातं. म्हणून जनरेशन उणे व्हायची वाट बघू नका. या आकाराच्या टर्बाइनची कार्यक्षमता ८५ च्या वर गेली की आधी फ्लोमीटरची डिझाइन शीट मागवा, घनतेची दुरुस्ती चालू आहे का ते बघा, आणि कंडेन्सेटचा प्रवाह स्वतंत्रपणे मोजून ताडून घ्या. आत गेलेली वाफ आणि हॉटवेलमधून (कंडेन्सरच्या तळाच्या टाकीतून) निघालेलं पाणी, यांत सील आणि ड्रेनच्या गळतीपलीकडे फरक असता कामा नये.

बॅक प्रेशर टर्बाइनवर (जिथे एक्झॉस्ट वाफ कंडेन्सरऐवजी दाबासह पुढच्या कामाला जाते) गेजची चूक उलटा परिणाम करते, हे ध्यानात ठेवा. तीच ४० बारची वाफ, एक्झॉस्ट गेजवर १.५ बार, तापमान १४५ अंश. खरा दाब सुमारे २.५ बार अ‍ॅब्सोल्यूट, आदर्श काम ६१०, प्रत्यक्ष ४६०, कार्यक्षमता ७५ टक्के. गेजचे १.५ तसेच टेबलमध्ये घातले तर आदर्श काम ६९५ होतं आणि कार्यक्षमता ६५ वर घसरते. इथे एक्झॉस्ट कोरडी आणि थोडी अतितप्त असल्यामुळे दाब व तापमान दोन्ही मोजून अवस्था ठरते. मात्र १४५ अंश संपृक्त तापमानाच्या (१२७.४) वर आहेत का, हे आधी पाहावं. गेज ते अ‍ॅब्सोल्यूट हे रूपांतर शीटमध्ये एकाच ठिकाणी, स्थानिक वातावरणीय दाबाच्या एकाच सेलवरून करा. प्रत्येक ओळीत वेगळं "+१" लिहिलं की ते कुठेतरी राहून जातंच.

जनरेशन अधिक, तरीही यंत्र अशक्य

वेस्ट हीट बॉयलरचे प्रस्ताव तपासताना हे लागतं. सेकंदाला १ किलो फ्लू गॅस (भट्टीतून निघणारा गरम धूर), विशिष्ट उष्मा १.१, ३०० अंशांवरून १५० पर्यंत थंड करायचा. १०५ अंशांच्या फीड वॉटरपासून १० बारची कोरडी संपृक्त वाफ करायची. सुपरहीटर नाही, बाहेर उष्णता जात नाही.

ऊर्जा: गॅसने १६५ किलोवॅट दिले. वाफेला किलोमागे २३३७ किजू लागतात. वाफ सेकंदाला ०.०७०६ किलो. ताळेबंद जुळला. एन्ट्रॉपी: गॅस −०.३३४, पाणी-वाफ +०.३६९, जनरेशन +०.०३५ किलोवॅट/के. दोन्ही नियम खूश.

पण आत डोकावून पाहा. बाष्पीभवनाला ०.०७०६ × २०१५ = १४२ किलोवॅट लागतात. तेवढे देताना गॅस १२९ अंशांनी उतरतो आणि बाष्पीभवन जिथे सुरू होतं तिथे तो १७०.७ अंशांवर असतो. पाणी तिथे १७९.९ वर उकळतंय. थंड गॅस गरम पाण्याला उष्णता देतोय, असं हा प्रस्ताव म्हणतो.

इव्हॅपोरेटर (पाणी उकळतं तो भाग) आणि इकॉनॉमायझर (पाणी आधी तापतं तो भाग) वेगळे करून हिशेब केला तरी दोन्हीकडे जनरेशन अधिकच येतं. उणे येतं ते फक्त गॅसच्या १७९.९ ते १७०.७ या तुकड्यात: वाफेला +०.०२२३४, गॅसला −०.०२२५७, बेरीज −०.०००२. इतका बारीक आकडा मोठ्या बेरजेत गडप होतो. दुसरा नियम यंत्राच्या प्रत्येक तुकड्याला लागू आहे. तुम्ही तपासला तो फक्त दोन टोकांवर.

उपाय: अवस्था बदलणाऱ्या कुठल्याही हीट एक्स्चेंजरसाठी तापमान विरुद्ध दिलेली उष्णता असा आलेख काढा आणि दोन रेषांमधलं किमान अंतर वाचा. इथे हे किमान अंतर (पिंच) १० अंश ठेवलं तर बाष्पीभवनासाठी गॅस ३०० वरून १९० पर्यंतच वापरता येतो: १२१ किलोवॅट, वाफ सेकंदाला ०.०६ किलो, आणि गॅस बाहेर पडतो १७२ अंशांना. प्रस्तावातल्यापेक्षा वाफ १५ टक्के कमी. गॅस आणखी थंड करायचाच असेल तर वाफेचा दाब उतरवा किंवा गार पाण्यासाठी वेगळी कॉइल लावा. ट्यूब वाढवून हे १५० अंश मिळणार नाहीत.

टेबलांची सरमिसळ

रेफ्रिजरेशनच्या गणितात जनरेशन कुठल्या कुठे जाऊन बसलं की हे बघा. आर-१३४ए या रेफ्रिजरंटची काही टेबलं ० अंशांच्या संपृक्त द्रवाला एन्थाल्पी २०० आणि एन्ट्रॉपी १.० धरतात, काही −४० अंशांच्या संपृक्त द्रवाला दोन्ही शून्य धरतात. एकाच अवस्थेला त्यांच्यात एन्थाल्पीचा फरक सुमारे १४८ आणि एन्ट्रॉपीचा सुमारे ०.८० पडतो. कॉम्प्रेसरच्या आधीचा आकडा पुस्तकातून आणि नंतरचा सॉफ्टवेअरमधून घेतला की तेवढाच आकडा उत्तरात घुसतो. चूक ०.८ च्या आसपासची दिसली तर दुसरं काही शोधायची गरज नाही. ० अंशांची द्रवाची ओळ दोन्हीकडे उघडून पाहा. वाफेच्या टेबलांत ही भानगड सहसा नसते, ती सगळी ट्रिपल पॉइंटच्या (बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र टिकतात त्या अवस्थेच्या) द्रवाला एन्ट्रॉपी शून्य धरतात.

किती उणे चालेल

प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांत −०.०१ सारखं काही आलं तर सूत्र उसवायच्या आधी उपकरणांची मर्यादा मोजा. ४० बार, ४०० अंशांच्या वाफेचा विशिष्ट उष्मा साधारण २.४ आहे, तापमान ६७३ केल्विन. म्हणून थर्मामीटरच्या एका अंशाच्या चुकीने एन्ट्रॉपी ०.००३६ ने हलते, पाच अंशांनी ०.०१८. दाबातल्या एका टक्क्याने आणखी साधारण ०.००५. थर्मोवेलमध्ये (पाइपात घातलेल्या थर्मामीटरच्या नळीत) तेल नसेल, किंवा तो पाइपच्या मध्यापर्यंत पोचत नसेल, तर पाच अंश कमी दाखवणं सहज घडतं. टर्बाइनच्या इनलेटला तापमान कमी वाचलं तर जनरेशन फुगतं, एक्झॉस्टला कमी वाचलं तर आक्रसतं आणि उणेकडे झुकतं. तेव्हा आक्रसलेला आकडा दिसला की शिडी एक्झॉस्टच्या थर्मोवेलला लावा आणि त्यातली लांबी, तेल आणि वरचं इन्सुलेशन बघून घ्या.